ताजमहाल हॉटेल : दार कुणाला उघडलं?

आमच्या श्रीरामपुरात हॉटेल म्हणजे चहाचं दुकान. एस्टी स्टँडाबाहेर पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, कढईत भजी, शेगडीवर उकळणारा चहा. ह्याला आपण हॉटेल म्हणतो. 'हाटेलात बसलोय' म्हटलं की कुणाला झुंबर आणि गालिचा आठवत नाही. मुंबईत कुलाब्याला गेट वे ऑफ इंडियासमोर जे उभं आहे त्यालाही हॉटेलच म्हणतात. शब्द एकच आहे, आणि दोन्हींच्या दारात सवालही एकच आहे : आत कोण येणार?

त्या मोठ्या हॉटेलाचा इतिहास मी इथं मांडतो आहे, तो हा सवाल हातात धरून. मी इतिहासाचा प्रोफेसर नाही. साखर कारखान्यात सिझनला गव्हाणीवर उसाच्या मोळ्या ढकलतो. सिझन संपला की हाताला काम नसतं, डोळ्यांना असतं. वाचतो, कविता करतो. वाचता वाचता एक तारीख सापडली आणि हा लेख सुरू झाला. ती तारीख पुढे येईल.

१

ताजची जी गोष्ट सांगतात ती तुम्हालाही पाठ असेल. मुंबईत काळ्या घोड्याजवळ वॅटसन नावाचं गोऱ्यांचं हॉटेल होतं. जमशेटजी टाटा तिथं गेले, त्यांना दारातूनच परत पाठवलं. शेठ पेटले आणि म्हणाले, ह्याच्यापेक्षा मोठं हॉटेल बांधीन. मग ताज उभं राहिलं. शाळेतल्या पोरांना ही गोष्ट सांगतात, दरवर्षी ती पेपरात येते.

वॅटसन हॉटेल खरंच होतं. त्याचा सांगाडा बिडाच्या लोखंडाचा. इंग्लंडात ओतून, सुटे भाग जहाजातून आणून इथं जोडले. १८७१ साली ते सुरू झालं आणि ते फक्त युरोपियनांसाठीच होतं. ७ जुलै १८९६ ला ह्या देशातला पहिला सिनेमा त्याच हॉटेलात दाखवला गेला. तिकीट एक रुपया. वॅटसनच्या दारावर रंगाचा पहारा होता ह्यात वाद नाही. जमशेटजींना तिथून हाकललं ह्याला मात्र कागदाचा पुरावा नाही, असं ताजचा इतिहास लिहिणारेच सांगतात. हॉटेल बांधायचं दुसरं कारण ते देतात : मुंबईला साजेसं एकही हॉटेल नाही अशी ओरड होती आणि प्लेगनं शहराची अब्रू गेली होती.

पुरावा नसताना ही गोष्ट इतकी का टिकली? मला वाटतं, ती ऐकणाऱ्याला सोयीची आहे म्हणून. त्या गोष्टीत अपमान करणारा गोरा आहे आणि अपमान सोसणारा हिंदी आहे. गोरा गेला, गोष्ट संपली, सगळे हिंदी एकाच बाजूला उभे राहिले. ज्याला स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच लोकांनी दारातून हाकललं, त्याची जागा ह्या गोष्टीत कुठेच नाही. म्हणून ती नीट सोलून बघितली पाहिजे.

२

ताज जिथं उभं आहे त्या धक्क्याला इंग्रज अपोलो बंदर म्हणत. लोकांच्या तोंडी ते पालवा बंदर. ग्रीक देवाशी ह्या नावाचा काही संबंध नाही. पालव हे इथलंच नाव, साहेबाच्या जिभेवर त्याचं अपोलो झालं असं जाणकार सांगतात. कोळ्यांच्या किनाऱ्याला देवाचं नाव मिळालं, कोळी मागे सरकले. समुद्रात भर घालून जमीन काढली आणि १८९८ साली जमशेटजींनी तिथला तुकडा नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतला.

आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा ह्यांचा. वैद्य बांधकाम पुरं व्हायच्या आत वारले. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्या इंग्रजानं तडीस नेलं. एक थाप अजून चालते, की इमारत चुकून उलटी बांधली, तोंड समुद्राकडं करायचं ते शहराकडं झालं म्हणून इंजिनिअरानं जीव दिला. ती थापच आहे. दार शहराच्या बाजूला आराखड्यातच होतं. आज जिथं पोहण्याचा तलाव आहे त्या अंगानं गाड्या आत यायच्या.

खर्च पंचवीस लाखांच्या घरात. विजेचे दिवे, लिफ्ट, पंखे, स्वतःची लॉन्ड्री, सोड्याच्या बाटल्या भरायचं यंत्र. सामान घ्यायला शेठ स्वतः युरोपात फिरले. भटारखाना काढतोस काय, असं बहिणीनं हिणवल्याचं सांगतात. गेट वे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतं. ते ४ डिसेंबर १९२४ ला खुलं झालं, हॉटेलाच्या एकवीस वर्षांनंतर. बोटीनं येणाऱ्या माणसाला मुंबईचं पहिलं दर्शन व्हायचं ते ह्या घुमटाचं.

१६ डिसेंबर १९०३ ला दारं उघडली तेव्हा सतरा पाहुणे होते. पाच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये, जमशेटजी वारले. पहिल्या महायुद्धात हॉटेलाचं सहाशे खाटांचं इस्पितळ झालं. पुढं राजे-महाराजे, जहाजवाले, पुढारी, नट सगळे तिथं उतरले. त्यांची यादी मी देत नाही. ती दुसरीकडं पुष्कळ छापलेली आहे.

शेठचं नाव आहे, आराखडेवाल्यांची नावं आहेत, पहिल्या पाहुण्यांचा आकडासुद्धा आहे. दगड कुणी वाहिला, समुद्राच्या चिखलात पाया कुणी खणला, चुन्याची घमेली डोक्यावर कुणी घेतली, त्यांच्या नावांची पाटी कुठंच नाही.

३

आता प्लेगाकडं वळू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. उंदीर पडले, मग माणसं पडली. गिरण्या ओस पडल्या, लोक गाठोडी घेऊन गावाकडं पळाले. हा रोग दाटीवाटीच्या अंधाऱ्या खोल्यांतून पसरतो म्हणून सरकारनं १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि पुढं कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच ह्या बी. आय. टी. चाळी.

साल बघा. १८९८ मध्येच ताजच्या जमिनीचा भाडेपट्टा झाला आणि १८९८ मध्येच ट्रस्ट निघाला. एकाच प्लेगाच्या पोटी दोन इमारती जन्मल्या. एक पालव्याला घुमटाची, पाहुण्यांसाठी. दुसरी परळला एका खोलीची, गिरणीतल्या माणसांसाठी. परळच्या बी. आय. टी. चाळ नंबर १ मध्ये, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेब आंबेडकर राहिले. शाहू महाराज त्यांना भेटायला त्या चाळीत आले होते. मुंबईचा इतिहास सांगणाऱ्यानं घुमट दाखवावा, जरूर दाखवावा. पण त्याच बोटानं ही चाळही दाखवावी.

४

ताजचा पैसा आला कुठून? जमशेटजी तोवर गिरणीमालक होते. चिंचपोकळीची अलेक्झांड्रा, नागपूरची एम्प्रेस, कुर्ल्याची स्वदेशी. एम्प्रेस १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी. जमशेटजींना शिव्या द्यायला मी बसलेलो नाही. कामगारांना पेन्शन, अपघाताची भरपाई ह्या गोष्टी त्यांनी त्या काळात एम्प्रेसमध्ये आणल्या, जेव्हा बाकीचे मालक कामगाराला माणूसही समजत नव्हते. त्यांचं श्रेय त्यांना द्यावं.

पण गिरण्यांचा पैसा म्हणजे मुळात सुताचा पैसा, आणि ह्या सुताशी आपलं नातं कसं होतं ते सांगायलाच हवं. नागपूरच्या गिरणीत महार मोठ्या संख्येनं होते. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं रिंग खात्यात होती, जिथं पगार कमी. साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त होता आणि तिथं अस्पृश्याला मज्जाव होता. कारण धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. म्हणजे धोट्याला तोंड लागणार. महाराच्या तोंडचा धोटा मराठ्याच्या तोंडी कसा जाणार? मालकाला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. मज्जाव होता तो शेजारच्या कामगाराचा. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला : तुमच्या मागण्यांत ही मागणी आहे का?

मी गव्हाणीवरचा माणूस, मला धोटा ठाऊक नाही. पण पाण्याच्या माठाजवळचं थबकणं ठाऊक आहे. म्हणून हा तपशील मला ताजच्या जिन्यापेक्षा आणि झुंबरापेक्षा मोठा वाटतो. वॅटसनचा दरवान गोरा मालक ठेवत होता. साचाखात्याच्या दारातला दरवान कामगाराच्या डोक्यातच बसलेला होता. त्याला पगार द्यावा लागत नव्हता.

५

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून आले आणि बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. बडोद्यात उतरायला जागा नव्हती. हिंदू हॉटेलवाले घेणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले. भाडं रोज दीड रुपया. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला. संध्याकाळपर्यंत जागा खाली कर म्हणाला. कोलंबियाला शिकलेला माणूस सामान घेऊन बागेत बसला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

ह्या गोष्टीशेजारी ताजची गोष्ट ठेवा. जमशेटजींचा जन्म नवसारीचा, म्हणजे त्याच बडोदे संस्थानातला. वॅटसनच्या दारातून पारशी शेठ परत गेला, ही गोष्ट पुराव्याशिवाय शंभर वर्षं जगली. बडोद्याच्या दारातून आंबेडकर परत गेले ह्याला त्यांच्याच हातचा पुरावा आहे, तरी ती गोष्ट शाळेत मी ऐकली नाही. मला ती एका जयंतीच्या पुस्तिकेत भेटली. पारशी वाईट, हिंदू चांगले असा ह्याचा अर्थ कुणी काढू नये. दोन्ही दारं बंद होती. अपमान सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचा अपमान कळतोच असं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग दार उघडलं कुणी? ह्याचा इतिहास ताजच्या इतिहासात नाही, तो वेगळ्या कागदांत आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी पैशानं चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. धर्मशाळा हा शब्द त्या ठरावात आहे. ठराव कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर जावं लागलं. आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेचं पंधरावं कलम काढून बघा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा ह्यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्यावरून कुणालाही अडवता येणार नाही. हॉटेल हा शब्द घटनेत आहे, दोस्तहो. ज्याला धर्मशाळेतून काठ्या दाखवून काढलं तोच मसुदा समितीचा अध्यक्ष होता. घटनेतल्या एका शब्दामागं किती रात्री असतात ते इथं कळतं.

कायदा झाला म्हणून कप बदलला नाही. माझा आजा सांगायचा, गावातल्या हॉटेलात आपली कपबशी वेगळी असायची. कान फुटलेली, बाहेर वळचणीला खोचलेली. ती काढायची, वरून ओतलेला चहा उभ्यानं प्यायचा, धुवायची, परत खोचायची, पैसे लांबून टाकायचे. पैशाला विटाळ नव्हता. १९५५ चा अस्पृश्यतेचा कायदा आल्यावरही हे चाललं. कायद्याला गावात यायला एस्टीपेक्षा जास्त वेळ लागतो.

६

आता ती तारीख. १६ डिसेंबर.

१६ डिसेंबर १९०३ ला ताज उघडलं हे वर सांगितलं. १६ डिसेंबर १९३९ ला आपल्या तालुक्यात हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिथं बोलले. वतनाच्या जमिनीवर सरकारनं जुडी वाढवली होती. वतन म्हणजे काय ते जुन्या माणसांना सांगायला नको. रात्रंदिवस गावाची आणि सरकारची चाकरी, बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुतं. त्या तुकड्यावरही कर वाढवला तेव्हा माणसं गोळा झाली. वतनाचं हे जोखड कायद्यानं सुटलं ते थेट १९५८ साली.

दोन तारखा जुळल्या हा योगायोग आहे, त्यात गूढ काही नाही. पण मुंबईतली १६ डिसेंबर जगाला ठाऊक आहे आणि हरेगावची १६ डिसेंबर श्रीरामपूरच्या कॉलेजातल्या पोरांनाही ठाऊक नाही, हा योगायोग नाही. हरेगावच्या माणसांनी कुठली इमारत बांधली नाही. आम्ही फुकट राबणार नाही, एवढं त्यांनी ठरवलं. असल्या ठरावाला घुमट नसतो.

७

ताजचा नवा उंच टॉवर १९७३ साली उभा राहिला. १९७२-७३ हे साल आमच्या नगर जिल्ह्यात कुणाला विसरता येत नाही. तो दुष्काळ. आजी सांगायची, खडी फोडायच्या कामावर अख्खं घर होतं, खायला सुकडी आणि मिलो. १९७२ च्या मे महिन्यात मुंबईत दलित पँथर निघाली होती, त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. टॉवर, खडी, पँथर, सगळं एकाच वर्ष-दीड वर्षातलं, एकाच महाराष्ट्रातलं. लिहिणारे मात्र ह्याची तीन वेगळी पुस्तकं करतात.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेली आपली माणसं परतीच्या गाडीआधी गेट वे बघायला जातात. मीही जातो. बाया निळी बिल्लेवाली पोरं कडेवर घेऊन उभ्या असतात, फोटोवाला म्हणतो मागं ताज येऊ द्या, आणि सगळे ताजकडं पाठ करून उभे राहतात. त्या दारातून आत जायला आज आपल्याला कायदा अडवत नाही, घटना आपल्या बाजूनं आहे. तरी कुणी रस्ता ओलांडत नाही. खिसा अडवतो हे आहेच. पण पायात आणखी काहीतरी असतं. आज्याच्या त्या वळचणीच्या कपातलं काहीतरी असतं.

८

२६ नोव्हेंबर २००८. दहा अतिरेकी समुद्रातून आले. १६६ माणसं मेली. ताजमध्ये एकतीसजण गेले, त्यांत अकराच्या आसपास हॉटेलचे कामगार होते. वाढपी, स्वयंपाकी, टेलिफोनवाल्या ह्यांना मागची दारं, मागचे जिने ठाऊक होते. पळून जाता आलं असतं. ते गेले नाहीत. पाहुण्यांना मागच्या वाटेनं काढत राहिले, काहींनी मधे उभं राहून गोळ्या घेतल्या. २०११ साली हार्वर्डच्या मासिकात ह्यावर लेख आला. त्यात म्हटलं आहे की ताज आपली बरीच माणसं मोठ्या शहरांतून न घेता छोट्या गावांतून निवडतं. म्हणजे आपल्यासारख्या गावांतून. ज्या इमारतीचा शंभर वर्षांचा इतिहास पाहुण्यांच्या नावांनी लिहिला, तिची लाज त्या रात्री नोकरांनी राखली.

त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अठ्ठावन्न माणसं मेली. लांबच्या गाडीची वाट बघत, गाठोड्यावर डोकं ठेवून बसलेली माणसं. ताजपेक्षा जवळजवळ दुप्पट. पण टीव्हीचे कॅमेरे तीन दिवस घुमटावर खिळलेले. दुसऱ्या दिवशी स्टेशन धुऊन लोकल सुरू झाल्या. ताजचा टॉवर महिन्याच्या आत उघडला, जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला. त्या समारंभाच्या बातम्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. मेलेल्यांत मला फरक करायचा नाही, बघणाऱ्यांनी केला तो नोंदवतो आहे.

९

शेवटी पुन्हा गिरणी. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, मग गिरण्या मोडल्या. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभा राहिला. परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला आणि त्याच्या शेजारी आभाळाएवढं पंचतारांकित हॉटेलही झालं. एकेकाळी गिरणीच्या पैशातून हॉटेल उभं राहिलं होतं. शंभर वर्षांनी गिरणीच्या जमिनीतून हॉटेल उगवलं. मधले कामगार हिशेबातून गळाले. आणि ते वॅटसन, गोऱ्यांचं? त्याच्या लोखंडाला गंज चढला, खोल्याखोल्यांत भाडेकरू आणि वकिलांच्या कचेऱ्या आल्या, २००५ साली गॅलरी कोसळली आणि २०१९ साली ते धोकादायक म्हणून खाली केलं.

ताज सुंदर आहे, मी नाकारत नाही. वैद्य-मिर्झांच्या डोक्याला आणि नाव नसलेल्या पाथरवटांच्या हाताला माझा सलाम आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्याचा इतिहास पाहुण्यांच्या वहीतून लिहिला गेला. तो आता मागच्या दारानं लिहायला हवा. आपल्यापैकी कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला हॉटेलात भांडी घासायला, चादरी धुवायला, पहारा द्यायला, बांधकामावर बिगारी म्हणून गेलेलं आहे. त्यांना विचारा. कोणत्या दारानं आत सोडायचे, जेवण कुठं मिळायचं, नाव-आडनाव विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा व्हायचा. दोन पानं झाली तरी चालतील, शुद्धलेखनाची भीती बाळगू नका. लिहून मासिकाकडं पाठवा. आणि येत्या १६ डिसेंबरला हरेगावला जमेल तितक्यांनी या.